दात काढतानाचं इंजेक्शन गोळी करून का देत नाहीत? आयन चॅनेल्समध्ये पीएचडी करायची असेल तर वाचा

पीएचडीच्या इंटरव्ह्यूत मला पहिलाच प्रश्न आला, दात काढताना लिडोकेन टोचतात, हिरडी पार बधिर होते, मग दुखणाऱ्या माणसाला त्याचीच गोळी का देत नाही? मी बीफार्म, एमएससी करून बसलेले, सोडियम चॅनेल, म्हणजे नसेच्या पेशीच्या आवरणातलं सोडियमचे आयन आत सोडणारं प्रथिनाचं दार, ब्लॉक होतं एवढं घडाघडा सांगितलं आणि पुढे गप्प. त्या वर्षी सिलेक्शन झालं नाही, पण गेली सात वर्षं मी ज्या फील्डमध्ये आहे ते सगळं त्या एका प्रश्नात होतं हे नंतर कळलं, म्हणून नवीन मुलांना आधी तोच सांगते.

आपल्या शरीरात व्होल्टेजवर उघडणारी सोडियम चॅनेल्स नऊ प्रकारची, नॅव्ह १.१ ते नॅव्ह १.९. त्यातलं १.५ हृदयात, १.४ स्नायूंत, १.१, १.२, १.६ मुख्यतः मेंदूत, आणि दुखणं वाहून नेणाऱ्या नसांत खास करून १.७, १.८, १.९. लिडोकेनला हा भेद कळत नाही. हिरडीत टोचलं तर तिथल्यातिथे राहतं म्हणून चालतं, रक्तात जास्त गेलं तर फिट्स येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. लिडोकेनसारखाच रेणू असलेली मेक्सिलेटिनची गोळी आहेही, पण ती मुळात हृदयाच्या ठोक्यांसाठी आली. म्हणजे खरं काम हे, एकसारख्या दिसणाऱ्या नऊ भावंडांतलं एकच ओळखून तेवढंच बंद करायचं.

कुठलं बंद करायचं हे सांगितलं माणसांनी. २००४ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की हातपाय भाजल्यासारखे जळणाऱ्या एका आनुवंशिक आजारात नॅव्ह १.७ च्या जीनमध्ये बदल असतो, आणि २००६ साली केंब्रिजच्या टीमने उत्तर पाकिस्तानातली कुटुंबं अभ्यासली, त्यांच्यातल्या काहींना दुखणं जन्मापासून माहीतच नव्हतं कारण हे चॅनेल चालतच नव्हतं. त्यातला एक मुलगा रस्त्यावर हातात सुरे खुपसून, निखाऱ्यांवर चालून खेळ करायचा, आणि चौदा वर्षांचा व्हायच्या आत छतावरून उडी मारून जीव गमावून बसला. मी प्रत्येक ज्युनियरला हा पेपर वाचायला लावते, कारण आपण जे बंद करायला निघालोय ते माणसाला जिवंतही ठेवतं हे डोक्यात राहायला पाहिजे.

आता वाटेल की टार्गेट मिळालं, औषध झालंच. नाही ना! नॅव्ह १.७ वर मोठमोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं घालवली आणि पेशंटमध्ये निकाल निराशाजनक आले. चॅनेल जन्मापासून नसणं वेगळं आणि मोठेपणी गोळीने काही तास अर्धवट बंद करणं वेगळं. शेवटी यश आलं ते १.८ वर, सुझेट्रिजिन नावाचं औषध, ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजूर केलं, मोठ्या माणसांच्या मध्यम ते तीव्र, अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी. बाकीच्या भावंडांपेक्षा १.८ ला ते किमान ३१ हजार पट जास्त धरतं, आणि १.८ मुख्यतः मेंदूबाहेरच्या नसांत असल्यामुळे ओपिऑइडसारखी (मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं) सवय लागेल अशी भीती नाही. पण ट्रायल्स नीट वाचा, पायाच्या अंगठ्याच्या आणि पोटाच्या ऑपरेशननंतर प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, चांगलं ठरलं, ओपिऑइड मिसळलेल्या गोळीपेक्षा मात्र सरस ठरलं नाही, आणि सायटिकाच्या ट्रायलमध्ये तर प्लासिबोवाल्यांचं दुखणंही जवळपास तेवढंच कमी झालं. म्हणजे जुनाट दुखण्याचं काम अजून बरंच शिल्लक आहे, तुमच्यासाठी.

रोजचं काम म्हणजे पॅच क्लॅम्प, एकेका पेशीच्या चॅनेल्समधून वाहणारा करंट मोजायचा. नेहर आणि साकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवलेली पद्धत, त्यासाठी १९९१ चं नोबेल. काचेची केसापेक्षा बारीक पिपेट पेशीला टेकवायची, हलकंसं ओढून घ्यायचं, रेझिस्टन्स गिगाओहमच्या (शंभर कोटी ओहमच्या) वर गेला की सील लागलं, म्हणजे पिपेट पेशीला घट्ट चिकटली. मला पहिले दोन महिने एकही सील लागलं नाही, रोज रात्री रडू यायचं, आणि कारण निघालं काय, तर पिपेटमध्ये भरायचं सोल्यूशन मी फिल्टर करत नव्हते, टोकात कण अडकायचे. त्यामुळे हात वाईट आहे असं ठरवायच्या आधी सोल्यूशन, ऑस्मोलॅरिटी (त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण), पेशींचं वय हे क्रमाने तपासा. ५० हर्ट्झचा, म्हणजे घरातल्या विजेचा, नॉइज आला तर एकेक उपकरण बंद करत जा, आमच्याकडे मायक्रोस्कोपचा दिवा होता.

सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळीच. एका कंपाउंडने करंट चाळीस टक्के कमी केला म्हणून मी लॅब मीटिंगमध्ये आनंदाने ट्रेस (करंटचा आलेख) दाखवला, गाइडने एवढंच विचारलं, नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव, सोडलेली पेशी कुठंय? मी केलीच नव्हती. केली तेव्हा तिच्यातही करंट आपोआप तेवढाच उतरला, याला रनडाउन म्हणतात. तेव्हापासून प्रत्येक दिवशी पहिली पेशी सॉल्व्हंटची, आणि औषध धुऊन टाकल्यावर करंट परत येतो का हे बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही. होल्डिंग व्होल्टेज, म्हणजे पेशी ज्या व्होल्टेजला धरून ठेवली ते, हेही वहीत लिहाच, तेच कंपाउंड उणे १२० मिलिव्होल्टला निकामी वाटतं आणि उणे ७० ला जोरात ब्लॉक करतं, कारण पुष्कळ औषधं इनॅक्टिव्हेट झालेल्या, म्हणजे उघडून गेल्यावर काही काळ आपोआप बंद पडलेल्या, चॅनेललाच घट्ट धरतात.

बायोलॉजीची मुलं फिजिक्सला घाबरतात, पण लागतं ते ओहमचा नियम, कपॅसिटर आणि थोडं पायथन. न्यूरॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सोडियम कंडक्टन्स (सोडियम किती सहज वाहतं ते) कमी-जास्त करून स्पाइक, म्हणजे नसेतला विजेचा झटका, कधी मरतो ते घरबसल्या बघा. जेजीईईबिल्स ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा देऊन टीआयएफआर, एनसीबीएस या संशोधन संस्थांत जाता येतं, बंगळुरूच्या आयआयएससीतही चॅनेल्सवर काम चालतं. लॅब निवडताना पेपर किती हे नंतर विचारा, आधी विचारा की एका रिगवर (पॅच क्लॅम्पच्या उपकरणांच्या एका संचावर) किती जण आहेत आणि पहिले सहा महिने माझ्या शेजारी बसून शिकवणार कोण.