नाताळची सुट्टी, राणीची बाग आणि पिशवीत काय काय

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेला जायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन वार बघायचा. बाग बुधवारी बंद असते. नाताळसारखी सार्वजनिक सुट्टी नेमकी बुधवारी आली तर त्या दिवशी बाग उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद, त्यामुळे अशा आठवड्यात गुरुवारी निघालेल्यांना गेटवरून परत फिरावं लागतं. २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि त्यांच्या आजूबाजूचे शनिवार-रविवार जमलं तर सोडूनच द्या. १ जानेवारी २०२३ ला रविवार आला होता, त्या एका दिवसात तीस हजारांवर माणसं आत गेली. तेवढ्या गर्दीत मुलांचा हात घट्ट धरून ठेवण्यापलीकडे काही होत नाही. शाळेच्या सुट्टीतच यायचं असेल तर दोन सणांच्या मधला एखादा सोमवार-मंगळवार धरा. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी सरळ जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा ठरवावा, आणि तो गर्दी टाळण्यापेक्षाही झाडांसाठी.

झाडांसाठी म्हटलं की घरातले हसतात. आजकाल बाग म्हणजे पेंग्विन. कोरियातल्या सोलहून २०१६ साली आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढच्या वर्षी ते लोकांना बघायला मिळू लागले आणि तेव्हापासून सगळी रांग तिकडेच. पण ही बाग १८६२ साली उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी नंतर आले. पन्नासेक एकरांत तीन हजारांच्या आसपास झाडं आणि दोनशे ऐंशीच्या वर जाती. दक्षिण मुंबईत एका तिकिटात एवढं जुनं रान दुसरीकडे कुठे नाही. म्हणून माझी तयारी झाडं धरून असते. पेंग्विन वाटेत भेटतात.

आता प्रवास. भायखळ्याला मध्य रेल्वेच्या फास्ट गाड्याही थांबतात. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला बदलावं, हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक (म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठून कुठपर्यंत आहे ते आदल्या रात्री बघाच, कारण तीन पोरं आणि आजी घेऊन दादरच्या पुलावर अडकण्यात काही मजा नाही. पूर्वेला उतरलं की दहा-पंधरा मिनिटं चालत. स्टेशनची जुनी दगडी इमारत नीट दुरुस्त केल्याबद्दल तिला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे, तेव्हा बाहेर पडताना एकदा मान वर करून बघा. गाडी शक्यतो आणू नका. सुट्टीच्या दिवशी आंबेडकर रोडवर पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अर्धी बाग फिरून होते.

बाग सकाळी साडेनऊला उघडते, संध्याकाळी सहाला बंद होते आणि तिकीट खिडकी त्याच्या बरीच आधी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चारला पोचणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. पोचायचं ते साडेनऊला. तिकीट ऑनलाइन काढता येतं, ते आदल्या दिवशीच काढा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, गेटवर नेटवर्क रुसतं. २०१७ साली ठरलेले दर मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५ आणि आई-वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला १०० असे होते. दरवाढीच्या चर्चा अधूनमधून होत असतात, म्हणून काढताना आकडा बघून घ्या.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. मुंबईची थंडी म्हणजे पहाटे अठरा-एकोणीस आणि दुपारी एकतीस-बत्तीस. घरून निघताना अंगावर घातलेला स्वेटर अकरा वाजता कमरेला बांधावा लागतो आणि मग दिवसभर तो सांभाळायचा. सुती शर्ट, एक पातळ ओढणी किंवा शाल, टोपी, एवढं पुरतं. बूट किंवा पट्टा असलेल्या चपला, कारण चालणं भरपूर आहे. या दिवसांत सकाळी शहरावर धुरकं असतं, घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर पंप आणि मास्क विसरू नका. झाडांखाली डास असतात, तेव्हा ओडोमॉस घरूनच लावून निघा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे झाडांचा कागद. वहीचं एक पान घ्या आणि त्यावर फार तर सहा-सात नावं लिहा. सगळी बाग एका दिवसात बघायची म्हटली की काहीच बघून होत नाही. बऱ्याच झाडांवर पाट्या आहेत, पण सगळ्यांवर नाहीत, आणि काही पाट्या वेलींनी झाकून टाकल्या आहेत. म्हणून नावाशेजारी ओळखायची एकेक खूणही लिहून ठेवा.

माझ्या कागदावर पहिलं नाव गोरखचिंचेचं. आफ्रिकेतून आलेलं हे झाड हिवाळ्यात पानं झाडून उघडं पडतं आणि तेव्हाच ते बघावं. पावसाळ्यात नुसता हिरवा पसारा दिसतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र बेढब फुगलेला बुंधा आणि त्याच्या मानाने किरकोळ फांद्या असं सगळं रूप उघडं होतं. त्या बुंध्यात पाणी साठवलेलं असतं. सालीवर हात ठेवलात तर ती राखाडी, गुळगुळीत, जागोजाग सुरकुतलेली लागते, आणि कोणीतरी बदाम कोरून दोन नावं लिहिलेली असतातच. मुलांना तिथेच सांगून टाका की हे करायचं नाही. वर बघितलं तर लांब देठाला लोंबणारी मखमली फळं दिसतील. याच झाडाखाली गोरखनाथांनी शिष्यांना शिकवलं अशी आपल्याकडची आख्यायिका, त्यावरून नाव पडलं. आजीला ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली सांगता येते, तिला सांगू द्या.

दुसरं नाव उर्वशीचं, आणि खरं म्हणजे जानेवारीअखेर यायचा आग्रह तिच्यासाठीच. ब्रह्मदेशातलं हे झाड, रानात आता क्वचितच सापडतं. शास्त्रीय नाव आम्हर्स्टिया नोबिलिस, लॉर्ड आम्हर्स्ट गव्हर्नर जनरल असताना त्यांच्या पत्नीच्या आणि मुलीच्या नावावरून ठेवलेलं. फुलोरा फांदीवरून झुंबरासारखा खाली लोंबतो. लांब लाल देठ, लाल पाकळ्या, वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि बाहेर वळलेले बारीक केसर. फूल नसेल तरी निराश होऊ नका, कोवळी पानं शोधा. नवी पालवी तांबूस-तपकिरी असते आणि मरगळल्यासारखी सरळ खाली लटकते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाड सुकतंय. ती पानं पुढे हिरवी होतात आणि मग ताठ होतात. हे बघायला पाचेक मिनिटं एका जागी उभं राहावं लागतं, आणि सुट्टीतल्या गर्दीत तेच जमत नाही.

कैलासपती सोपा आहे. फुलं आणि गोळ्यासारखी फळं थेट बुंध्यावरच. फूल उघडून मधला नागाच्या फण्यासारखा भाग मुलांना दाखवा, पण गळून पडलेलं फूल घ्या, तोडू नका. आणि खाली सतरंजी अंथरू नका. ते फळ वजनदार असतं, आणि फुटलं तर वास असा की जेवणाचा बेत रद्द. सीता अशोक मात्र मुद्दाम शोधा. सोसायटीच्या कंपाउंडला उंच, सरळ वाढणाऱ्या हिरव्या खांबांना सगळे अशोक म्हणतात. खरा अशोक बुटका, पसरट, आणि केशरी फुलांचे गुच्छ फांदीला चिकटलेले. डिसेंबरात तुरळक दिसतील, पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड भरतं. कागदावर शेवटचं नाव देशी बदामाचं लिहा. तो कुठल्याही गल्लीत असतो, मान्य. पण मुंबईत पानगळीचा रंग दाखवणारं झाड तेच. जानेवारीत पानं लालभडक होऊन पडायला लागतात, मुलांना वहीत ठेवायला एकदोन उचलता येतात.

एक छोटी दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर मुद्दाम विकत आणायची गरज नाही. हिवाळ्यात हळद्या हमखास दिसतो, पिवळा धमक, आणि पानांआड असला तरी आवाजावरून कळतो. फोन चार्ज करून पॉवर बँक सोबत घ्या. झाड ओळखायचं ॲप वापरणार असाल तर पान, साल आणि जमिनीवर पडलेलं फळ असे तीन वेगळे फोटो काढा, एकट्या पानावरून ॲप वाट्टेल ते नाव सांगतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. गेटवर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक अडवतात, म्हणून कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली. वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. प्राण्यांपुढे काही टाकायचं नाही हे मुलांना लोकलमध्येच बजावा, तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही. दुपारचं जेवण मी बागेत करत नाही. सकाळी भरपेट पोहे, मध्ये केळी-संत्री, आणि दीडला बाहेर पडून निवांत जेवण. लहान मूल असेल तर बाबागाडी आणा, मोठे रस्ते चांगले आहेत. आजी-आजोबांना बाक भरपूर आहेत, पण भेटायची जागा आधी ठरवून ठेवा. पेंग्विन कक्षाबाहेरची जागा ठरवू नका, सगळी मुंबई तिथेच भेटायची ठरवते.

मुलं सोबत असतील तर क्रम असा ठेवा. गेट उघडल्या उघडल्या थेट पेंग्विन, तेव्हा रांग सर्वांत छोटी. मग पक्ष्यांचं मोठं दालन, ज्यात आतून चालता येतं. दोन्ही उरकलं की त्यांची कुरकुर थांबते आणि आपल्याला झाडांकडे जाता येतं. मुलं नसतील तर उलटं करा, सकाळचं तिरपं ऊन झाडांना द्या.

महापालिकेचं वार्षिक पुष्पप्रदर्शन याच बागेत भरतं, साधारण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. फुलांच्या मोठमोठ्या प्रतिकृती, कुंड्यांतल्या भाज्या, बोन्साय. बाल्कनीत कुंड्या असणाऱ्यांनी जरूर जावं, वही घेऊन जावं, माळीकाकांना प्रश्न विचारावेत. ते हौसेने सांगतात. पण त्या तीन दिवसांत उर्वशी बघायचा बेत ठेवू नका, ती वेगळी फेरी.

वेळ उरला तर शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद. मधली काही वर्षं दुरुस्तीसाठी ते बंदच होतं, तेव्हा निघण्याआधी उघडं आहे का बघा. त्याच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि पुढे ते जोडून त्याला इथे उभं केलं. आणि काळा घोडा चौकातला मूळ काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेला सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ साली तिथून काढला तोही याच बागेत आणून ठेवला आहे. फोर्टात जाऊन घोडा शोधणाऱ्यांना हे माहीत नसतं.

नाताळच्या आठवड्यात येत असाल तर परतीच्या वाटेवर ग्लोरिया चर्चचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बघता येतो, स्टेशनपासून लांब नाही. आणि लोकलचं तिकीट सकाळीच रिटर्न काढून ठेवा. संध्याकाळी भायखळ्याच्या खिडकीवर बागेतली सगळी गर्दी एकदमच येऊन उभी राहते.