पहिला इंजिनिअर आणताना नोटीस पिरियडचे ९० दिवस कसे सांभाळायचे

कंपनीची नोंदणी, बँक खातं, सीए हे सगळं झालंय असं धरून चालते.

तंत्रज्ञान आधी ठरवून मग माणूस शोधू नका. डेटाबेस पोस्टग्रेस, आणि त्यावर वेब अ‍ॅप बांधायला जँगो किंवा नोड, यातलं पहिल्या इंजिनिअरच्या हातात जे बसलेलं असेल ते. पोस्टग्रेसची मुळं बर्कली विद्यापीठातल्या १९८६ च्या प्रकल्पात आहेत, जँगो २००५ पासून वापरात आहे. अडलं तर उत्तर सापडतं, आणि माणूस सोडून गेला तर ठाणे-अंधेरी पट्ट्यात दुसरा मिळतो. २०१२ मध्ये इन्स्टाग्राम विकत घ्यायचा १ अब्ज डॉलरचा सौदा झाला, तेव्हा तिथे १३ माणसं होती आणि ते पोस्टग्रेस आणि जँगो यांवरच चालत होतं. तेव्हा शंभर ग्राहक यायच्या आत मायक्रोसर्व्हिसेस (एकाच अ‍ॅपचे स्वतंत्र चालणारे छोटे तुकडे) हवीतच, असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

उमेदवार ओळखीतून शोधा. मुलाखतीत कोडी घालू नका. तुमच्याच कामातला दोन दिवसांचा तुकडा द्या आणि त्याचे पैसे द्या. मात्र पैसे दिले म्हणून कोड आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचे हक्क लेखी करून घ्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते.

आता नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीत काढावे लागणारे दिवस. इथे मी दोनदा आपटले आहे; त्यातली पहिली वेळ सांगते.

पहिल्या वेळी मुलाने ऑफर स्वीकारली आणि मी ९० दिवस त्याची वाट पाहिली. रुजू व्हायच्या सोमवारी मरोळच्या ऑफिसात त्याचा लॅपटॉप चार्जिंगला लावून बसले होते. साडेदहा झाले, अकरा झाले, फोन बंद. दुपारी एका ओळीचा मेल आला, की दुसरीकडे जास्त पगार मिळाला. तीन महिने मी दुसऱ्या कुणाशी बोललेच नव्हते, ते जास्त महागात पडलं. तुमचं ऑफर लेटर दाखवून माणूस दुसरीकडे भाव करतो, आणि जुनी कंपनीही पगार वाढवून त्याला थांबवून घेते. हे गृहीतच धरा.

म्हणून ऑफरला पाच दिवसांची मुदत घाला, आणि त्या मुदतीत राजीनामा स्वीकारल्याच्या मेलची प्रत मागा. प्रत येत नसेल तर माणूस येत नाहीये. उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे त्याला एचआरकडून लेखी विचारायला सांगा. काही ठिकाणी रक्कम बेसिकवर काढतात, काही ठिकाणी पूर्ण पगारावर. ती तुम्ही द्या, पण रुजू झाल्यावर. अर्ध्यातून पळून ये, असं मात्र कधीही सांगू नका. रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने रीतसर सोडल्याचं पत्र) नसलेला माणूस पुढच्या प्रत्येक नोकरीत अडतो, आणि त्याला तुम्ही कारण ठरता.

त्या काळात त्याच्याकडून काम करून घेऊ नका, 'रविवारी तासभर बघून दे' एवढंही नाही. अजून तो दुसऱ्याच्या पगारावर आहे; त्या कोडवर जुन्या कंपनीने हक्क सांगितला तर तुम्ही कोर्टात काय दाखवणार? त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा जेवायला भेटा. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाही खरं सांगून संपर्कात ठेवा, रुजू व्हायच्या सकाळपर्यंत.

आणि घरच्यांना विसरू नका. डोंबिवलीहून मरोळला यायचं म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल, मग मेट्रो. एवढा प्रवास कोणत्या भरवशावर करायचा, हा प्रश्न घरात निघतोच. एका मुलाच्या वडिलांनी मला फोनवर सरळ विचारलं, "मॅडम, बँकेत किती महिन्यांचा पगार आहे?" मी १४ सांगितले, कारण तेवढाच होता. ते म्हणाले, "मग पाठवतो." तो मुलगा आजही माझ्याकडे आहे. तेव्हापासून हा आकडा मी कुणी विचारायच्या आत सांगते.

ईसॉप (कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) देणार असाल तर पहिला हिस्सा हक्काचा व्हायला कायद्याने किमान एक वर्ष जावं लागतं, हेही त्याच भेटीत सांगा.

रुजू झाल्यावर पहिल्या संध्याकाळपर्यंत एखादी छोटी दुरुस्ती त्याच्या हातून लाइव्ह करवून घ्या.