बक्षिसात मिळालेली कोरी गाडी विकताय? या चुका टाळा

सराफाच्या दिवाळी योजनेचं कूपन, मॉलमधला लकी ड्रॉ, डीलरांसाठीची कंपनीची स्कीम, बैलगाडा शर्यतीचं मैदान. बक्षीस म्हणून चारचाकी देण्याची हौस आपल्याकडे चांगलीच वाढली आहे. महाराष्ट्र केसरीच्या गदेबरोबर थार मिळते हे तर आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण गाडी जिंकणाऱ्या प्रत्येकाला ती हवीच असते असं नाही. कुणाच्या दारात आधीच एक उभी असते, कुणाला घराचं कर्ज फेडायचं असतं, तर कुणाला गाडी चालवताच येत नाही. मग हारतुऱ्यांचा फोटो झाला की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, ‘विकायची तर कशी?’

खरं तर तोवर उशीर होत आलेला असतो. बक्षिसाच्या गाडीतून हातात किती पैसे पडणार, हे शोरूममध्ये बिल फाटण्याआधीच ठरतं. नंतर फक्त घासाघीस उरते.

‘फुकटची आहे, येईल ते आपलं’

सगळ्यात महागडी चूक हीच. बक्षिसाची गाडी फुकट नसते. लॉटरी, सोडत किंवा शर्यतीतल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर लागतो, वर ४ टक्के सेस धरून ३१.२ टक्के. तुमचा स्लॅब कोणता, याला इथे काही अर्थ नाही. किमान करमुक्त मर्यादाही या रकमेला लागू होत नाही. त्यामुळे ‘कूपन आईच्या नावावर टाकू, तिला उत्पन्नच नाही’ ही युक्ती चालत नाही. ‘आम्ही शेतकरी, आम्हाला टॅक्स नाही’ हेही चालत नाही, कारण मैदानातलं बक्षीस हे शेतीचं उत्पन्न नव्हे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाला तेव्हा कलमांचे आकडे बदलले, पण हे तीस टक्के तिथेच राहिले.

आता हिशेब मांडू. समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख आहे आणि आयोजक तेवढेच पैसे भरतोय. प्राप्तिकर झाला २,४९,६०० रुपये. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे ८८ हजार. विम्याचे ३५ हजार धरा. नावावर झालेली कोरी गाडी ७ लाखांना गेली तरी नशीब म्हणायचं. सगळं वजा जाता हातात राहतात साधारण सव्वातीन लाख.

त्याऐवजी आयोजकाने गाडीच्या बदल्यात साडेसहा लाख रोख दिले तर? ३१.२ टक्के कर जाऊन ४,४७,२०० रुपये उरतात. आकड्याने दीड लाख कमी दिसणारा पर्याय प्रत्यक्षात सव्वा लाख जास्त देऊन जातो. आणि हा प्रश्न विचारायचंच बहुतेकांच्या डोक्यात येत नाही, कारण डोळ्यांपुढे रिबन बांधलेली गाडी असते.

बिल फाटेपर्यंत गप्प बसणं

म्हणून नाव जाहीर झाल्या झाल्या आयोजकाला लेखी विचारा. रोख पर्याय आहे का? नसेल तर खालचं मॉडेल आणि फरकाची रक्कम मिळेल का? टॅक्स, पासिंग आणि विमा कोण भरणार? विकण्यावर काही बंधन आहे का? स्पर्धेच्या नियमावलीत ‘अमुक महिने गाडी विकता येणार नाही’ किंवा ‘जाहिरातीसाठी गाडी उपलब्ध करावी लागेल’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं. सही करण्याआधी ते वाचा.

यातला सर्वांत नाजूक मुद्दा म्हणजे बिल कोणाच्या नावावर निघतं. शोरूमचं बिल आणि फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, ज्याच्या नावावर असेल त्याच्याच नावावर पासिंग होतं. बऱ्याच ठिकाणी आयोजक संस्था आपल्या हिशेबासाठी गाडी स्वतःच्या नावावर घेते आणि ‘नंतर तुमच्या नावावर करून देऊ’ म्हणते. ऐकायला सरळ, पण यात दोन खड्डे आहेत. आयोजक कंपनी असेल तर महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला थेट २० टक्के रोड टॅक्स बसतो, आणि त्याची झळ ‘पासिंगचा खर्च तुमचा’ म्हणून तुमच्याकडे येऊ शकते. दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. तुमच्या आरसीवर तुम्ही दुसरे मालक ठरता आणि तुमच्याकडून घेणारा तिसरा. मीटरवर चाळीस किलोमीटर आणि मालक क्रमांक तीन, हे पाहून गिऱ्हाईक चहा संपवून उठतं.

थेट गिऱ्हाइकाच्याच नावावर बिल काढा, असं काही जण सुचवतात. गिऱ्हाइकाला पहिल्या मालकाची गाडी मिळते, पासिंग आणि विमा तो भरतो, तुम्हाला एक्स-शोरूमच्या आसपास दर मिळतो. पण आयोजकाचा सीए याला सहसा मान डोलावत नाही, आणि त्याची चूक नाही. बक्षीस एकाला, बिल दुसऱ्याला आणि टीडीएस (म्हणजे आधीच कापून भरलेला कर) पहिल्याच्या पॅनवर, हे कागदावर विचित्र दिसतं. त्यापेक्षा गाडीचं बुकिंग रद्द करून रोख रक्कम घ्यावी, हे माझं मत.

तीस टक्के कुणाच्या हातात देताय?

बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री करूनच ते द्यायचं, असं कायदा आयोजकाला सांगतो. त्यामुळे खरा आयोजकही तुमच्याकडे आधी कराचे पैसे मागतो, आणि नेमका याच गोष्टीचा फायदा भामटे उठवतात. ओळखायचं कसं? खरा आयोजक पॅन मागतो, संस्थेच्या खात्यावर चेक किंवा ट्रान्सफर घेतो आणि टीडीएसचं सर्टिफिकेट देतो. तुम्ही स्वतः कर भरून चलनाची प्रत दिली तरी खऱ्या आयोजकाला ते पुरतं. पाकिटातून आलेलं स्क्रॅच कार्ड आणि कुणा ‘मॅनेजर’च्या मोबाइल नंबरवर पाठवायचे पैसे, असा प्रकार असेल तर फोन ठेवून द्या.

डीलर किंवा वितरक म्हणून कंपनीकडून गाडी मिळाली असेल तर प्रकरण वेगळं. तो धंद्यातला लाभ समजतात, त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि बाकीचा कर तुमच्या स्लॅबप्रमाणे. पैलवानांनीही आपलं बक्षीस कोणत्या सदरात बसतं ते सीएला विचारूनच विवरणपत्र भरावं. लॉटरीच्या सदरातलं उत्पन्न असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, हेही लक्षात असू द्या. गाडी कमी दरात गेली म्हणून तोटा दाखवून कर कमी करता येईल, ही आशाही सोडा. या उत्पन्नातून कसलाच खर्च वजा होत नाही.

पासिंग न करताच विकायचा बेत

‘पासिंगचे पैसे वाचवू, कागद तसेच गिऱ्हाइकाला देऊ’, हे होत नाही. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि नोंदणी फॉर्म २१ वरच्या नावावरच होते. एकदा बिल तुमच्या नावावर निघालं की पासिंग करूनच विकायची, दुसरा रस्ता नाही.

दराबद्दलही दोन शब्द. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीचीसुद्धा विमा कंपनी ५ टक्के घसारा धरून किंमत काढते. सहा महिने उलटले की १५ टक्के. गिऱ्हाइकाचं गणित याहून कठोर असतं. ऑन-रोडपेक्षा चांगले लाख-दीड लाख वाचत नसतील तर तो सरळ शोरूममध्ये जाईल, तिथे रंग तरी मनासारखा मिळतो. सेकंडहँडचा डीलर आणखी कमी बोलतो, कारण त्याला स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो. थेट गिऱ्हाईक शोधलेलं बरं.

गाडी किती दिवस मंडपात उभी होती, तेही बघा. चार महिने मॉलच्या दारात उन्हात उभी असलेली गाडी ‘कोरी’ असली तरी बॅटरी उतरलेली असते, टायर एका जागी दबलेले असतात, आणि आयोजकाचा स्टिकर काढला की खालचा रंग वेगळा दिसतो. ताबा घेतानाच उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासा. ते आरसीवर छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक आधी तेच वाचतं. वॉरंटी कधीपासून सुरू झाली तेही शोरूमकडून लिहून घ्या.

गाडी एक, हिस्सेदार दोन

बैलगाडा शर्यतीत हे नेहमीचं. एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, आणि बक्षिसाला एकच बोलेरो. गाडी एकाच्या नावावर निघते, विकून पैसे वाटून घ्यायचे असं तोंडी ठरतं, आणि कर मात्र ज्याचा पॅन दिला त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसतो. वाटणी करताना त्याचा करच धरला नाही की पुढच्या हंगामात दोघांचे बैल एकत्र पळत नाहीत. आयोजकाला पॅन देण्याआधीच साध्या कागदावर लिहा: कर किती, पासिंगचा खर्च किती, उरलेल्या रकमेत कुणाचा हिस्सा किती. दोघांच्या सह्या करा. जमलं तर टीडीएसही दोघांच्या पॅनवर विभागून कापायला सांगा.

पिशवीतले सात लाख

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्यालाच होतो, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे सात लाख रोख मोजून घेतलेत तर दंडही सात लाख. आरटीजीएस करून घ्या आणि पैसे खात्यात दिसल्यावरच दुसरी किल्ली द्या.

गाडी गेली, नाव राहिलं

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून मोकळं होणं ही जुनी खोड. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गिऱ्हाईक टाळाटाळ करत असेल तरी तुम्ही तुमचा फॉर्म २९ भरून टाका. ताबा देताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट करा, त्यानंतरची ई-चलनं त्याची. फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर खालापूरच्या टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून जात राहतील.

घोळ आधीच झाला असेल तर

आयोजकाच्या नावावर पासिंग होऊन बसलं असेल तर आधी आरसीवर कर्जाचा बोजा आहे का पाहा. असल्यास बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आयोजकाकडूनच मागा, गाडी त्यानंतर नावावर घ्या. विकताना ‘आयोजकाकडून बक्षीस’ असं लिहिलेलं पत्र आणि मूळ बिल गिऱ्हाइकापुढे ठेवा. मालक क्रमांकाची शंका बरीचशी निवळते.

टीडीएस कापला पण तुमच्या पॅनखाली दिसत नसेल तर तिमाहीचं विवरण भरलं गेलंय का ते आयोजकाला विचारा. बऱ्याचदा पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं असतं, आणि दुरुस्तीचं विवरण भरलं की ते दिसू लागतं. मात्र हे विवरणपत्राची मुदत संपण्याआधी करा. मंडळाचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात, आणि नव्या खजिनदाराला जुन्या लकी ड्रॉची फाइल शोधायला लावणं हे गाडी विकण्यापेक्षा अवघड काम आहे.