ब्लॉकचेन प्रकल्पांचा डेटा: परवाना रकान्यागणिक कसा तपासावा

ठाण्यात घर घेतलेल्या प्रत्येकाला इंडेक्स-टू ठाऊक असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मुळे ही सूची कोणालाही पाहता येते, आणि घोडबंदर रोडवरच्या अमुक इमारतीतला अमुक फ्लॅट कोणी कितीला घेतला हे तीतून कळते. तरीही एखाद्याने त्या इमारतीतल्या सगळ्या मालकांची नावे आणि रकमा एका तक्त्यात मांडून तो व्हॉट्सॲपवर फिरवला, तर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत काय होईल हे वेगळे सांगायला नको. नोंद पाहण्याची मुभा निराळी आणि तिचा हवा तसा वापर करण्याची मुभा निराळी. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र जपलेली, ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत साखळीसारखी वाढत जाणारी व्यवहारांची नोंदवही. तिच्यावरील डेटाच्या बाबतीत हीच गल्लत सर्रास होते. महापे येथे डेटा संकलनाचे काम करताना आणि शनिवारी नौपाड्यात काही विद्यार्थ्यांना तेच काम शिकवताना मी सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे, ‘सर, हे तर पब्लिकच आहे ना!’

‘हे’ म्हणजे नेमके काय, ते आधी पाहावे लागते. समजा, तुम्ही ब्लॉकचेन प्रकल्पांचा एक तक्ता करत आहात. एका ओळीत एक प्रकल्प, आणि रकाने असे: प्रकल्पाचे नाव, कॉन्ट्रॅक्टचा (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता, महिन्यातील व्यवहारांची संख्या, टोकनची (साखळीवरील डिजिटल नाण्याची) किंमत, सोर्स कोडचा दुवा, काम करणाऱ्या डेव्हलपरांची संख्या, मोठ्या वॉलेटांची (डिजिटल पाकिटांची) लेबले आणि प्रकल्पाचा लोगो. व्यवहारांची संख्या साखळीतून येते, किंमत एखाद्या संकेतस्थळाच्या एपीआयमधून (प्रोग्रामला थेट डेटा देणाऱ्या सोयीतून), डेव्हलपरांची संख्या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाच्या नोंदींतून, तर लेबले कोणीतरी महिनोन्महिने खपून तयार केलेली असतात. फाइल एकच असली तरी तिला एकच परवाना कधीच लागू होत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले काम हेच देतो, की मूळ तक्त्याशेजारी दुसरा छोटा तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक रकान्यासाठी स्रोत, परवाना, डेटा घेतल्याची तारीख आणि अटी लिहाव्यात. हा दुसरा तक्ता भरल्याशिवाय पहिला कोणालाही पाठवू नये.

साखळीवरील कच्च्या नोंदी

ब्लॉक क्रमांक, वेळ, रक्कम, पाठवणारा व घेणारा पत्ता या निव्वळ तथ्यांवर कॉपीराइट नसतो. तथ्यांच्या संकलनाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येतच संगणकीय डेटाबेसचा समावेश आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले, की केवळ घाम गाळला म्हणून संरक्षण मिळत नाही. निवडीत आणि मांडणीत कौशल्य, निर्णयबुद्धी आणि किमान सर्जनशीलता दिसावी लागते. युरोपीय संघात १९९६ च्या निर्देशानुसार डेटाबेस तयार करणाऱ्याला केवळ गुंतवणुकीच्या आधारावरही १५ वर्षांचा स्वतंत्र हक्क मिळतो. तसा हक्क भारतीय कायद्यात नाही, पण तुमचा स्रोत तिकडचा असेल तर हे ध्यानात ठेवावे.

याहून व्यवहारातली मोठी अडचण कराराची असते. एपीआयची की (प्रवेशाचा संकेतांक) घेताना आपण ज्या अटींवर टिचकी मारतो, त्या कॉपीराइट असो वा नसो, आपल्याला बांधतात. पुढे वितरण करू नये, साठवून ठेवू नये, स्रोताचे नाव दाखवावे, ठरावीक वेगापेक्षा जास्त विनंत्या पाठवू नयेत, अशा त्या अटी असतात. की न घेता पानेच्या पाने यंत्राने खरवडून काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मालकाच्या परवानगीविना संगणक यंत्रणेतून डेटा उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येऊ शकते. म्हणून कच्च्या नोंदी शक्यतो मुळातूनच घ्याव्यात: एक तर स्वतःचा नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारा संगणक, चालवावा, किंवा गुगलच्या बिगक्वेरी या डेटा चौकशीच्या सेवेवर २०१८ पासून उपलब्ध असलेले बिटकॉइन आणि इथेरियम या ब्लॉकचेनचे सार्वजनिक संच वापरावेत. तेथे महिन्याला १ टेराबाइटपर्यंतची चौकशी मोफत असते, पण ‘लिमिट १०’ लिहून दहाच ओळी मागितल्या म्हणून वाचला जाणारा डेटा कमी होत नाही, हे शिकायला आमच्या एका विद्यार्थ्याचा पूर्ण महिन्याचा कोटा एका दुपारी खर्ची पडला. हवे तेवढेच रकाने निवडावेत आणि तारखेची मर्यादा घालावी.

कोडचा परवाना

कोड दिसतो म्हणजे तो मुक्त आहे, हा दुसरा मोठा गैरसमज. साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, म्हणजे एक्सप्लोररवर, कॉन्ट्रॅक्टपुढे ‘व्हेरिफाइड’ची हिरवी खूण असते; तिचा अर्थ इतकाच, की दाखवलेला सोर्स कोड आणि साखळीवरचा बाइटकोड (त्याचे यंत्रासाठीचे रूप) जुळतात. वापरण्याच्या परवानगीशी तिचा काहीही संबंध नाही. कॉन्ट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीच्या फाइलमध्ये सर्वांत वरची ओळ पाहावी. कंपायलरच्या ०.६.८ या आवृत्तीपासून तेथे एसपीडीएक्स या प्रमाणित पद्धतीने लिहिलेली परवान्याची ओळ नसेल तर इशारा येतो, त्यामुळे बहुतेक फाइलींत ती असते. या ओळीत ‘अनलायसन्स’ असे लिहिलेले असेल तर लेखकाने आपले हक्क सोडून कोड सर्वांसाठी खुला केला आहे. आणि ‘अनलायसन्स्ड’ असे असेल तर अर्थ अगदी उलटा, म्हणजे वापराचा कोणताही परवाना दिलेला नाही. फरक शेवटच्या एका इंग्रजी अक्षराचा आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत तो तीनदा चुकला आहे, त्यातल्या एका वेळी चुकणारा मीच होतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर परवान्याची फाइलच नसलेल्या भांडाराचेही तसेच: तेथे पाहण्याची आणि फोर्क (आपल्या खात्यात प्रत) करण्याची सोय आहे, बाकी सर्व हक्क लेखकाकडेच राहतात.

परवाना काळानुसार बदलू शकतो, हेही विसरू नये. टोकनांची अदलाबदल करणाऱ्या युनिस्वॅप प्रकल्पाची तिसरी आवृत्ती मे २०२१ मध्ये आली ती बिझनेस सोर्स परवान्याखाली, ज्यात व्यावसायिक वापराला मुदतबंदी होती. १ एप्रिल २०२३ रोजी ती मुदत संपून तोच कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. एकच कोड, पण २०२२ मधले उत्तर वेगळे आणि २०२४ मधले वेगळे. म्हणून आपल्या दुसऱ्या तक्त्यात परवान्याच्या नावासोबत तारीख आणि कमिटचा (गिटमधील त्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक असणे अत्यावश्यक आहे.

तयार संचांचे परवाने आणि त्यांची सरमिसळ

सीसी, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांपैकी सीसी झीरो असेल तर अट कोणतीही नाही. सीसी बाय ४.० असेल तर निर्मात्याचे नाव, परवान्याचा दुवा आणि तुम्ही केलेले बदल, या तिन्हींचा उल्लेख हवा. ओपन डेटाबेस परवाना, म्हणजे ओडीबीएल, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या प्रकल्पामुळे अनेकांना परिचित आहे. त्या प्रकल्पाने तो २०१२ मध्ये स्वीकारला. त्यात डेटाबेस सुधारून प्रकाशित केल्यास तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, पण त्यातून केवळ आलेख काढून छापल्यास स्रोताची सूचना पुरते.

खरी गुंतागुंत मिसळताना होते. बिटकॉइन व्यवहारांचा, त्यांतल्या काहींना वैध-अवैध अशी लेबले दिलेला एलिप्टिक संच अभ्यासात फार वापरला जातो. त्यात २,०३,७६९ व्यवहार आणि त्यांच्यातील २,३४,३५५ जोडण्या आहेत. त्याचा परवाना श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको आणि बदललेली आवृत्ती वाटू नका, अशा तिन्ही अटींचा आहे. हा संच घरी बसून अभ्यासावा, त्यावर प्रतिमान तयार करावे, निष्कर्ष लिहावेत. पण त्यातले रकाने ओडीबीएलखालच्या यादीला जोडून नवा संच म्हणून प्रसिद्ध करता येत नाही, कारण एक परवाना ‘माझ्याच अटींवर पुढे द्या’ म्हणतो आणि दुसरा ‘बदलून पुढे देऊच नका’ म्हणतो. अशा वेळी दोन फाइली वेगळ्या ठेवून जोडणारा कोड तेवढा द्यावा, म्हणजे वाचणारा दोन्ही संच मुळातून घेईल. शुल्क आकारणाऱ्या क्लासमध्ये ‘अव्यावसायिक’ संच वापरावा का, हा प्रश्न मला वाशीतल्या एका शिक्षिकेने विचारला होता. परवान्याच्या भाषेत मुख्य हेतू आर्थिक लाभाचा असता कामा नये. माझे मत असे, की फी घेत असाल तर मालकाला ईमेल करून विचारावे, स्वतःच्या सोयीचा अर्थ काढू नये.

श्रेयाची ओळही मोघम नसावी. ‘स्रोत: इंटरनेट’ ही ओळ मी आजही अहवालांत पाहतो. तिच्याऐवजी असे लिहावे: ‘मूळ संच: निर्मात्याचे नाव व दुवा; परवाना: सीसी बाय ४.०, इथेरियम ब्लॉक १,५५,३७,३९३ पर्यंत, बदल: एकाच पत्त्याच्या दुबार नोंदी वगळल्या, वेळ भारतीय प्रमाणवेळेत बदलली.’ वरचा ब्लॉक क्रमांक सहज निवडलेला नाही. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जपूर्वीचा, म्हणजे इथेरियमने ब्लॉक तयार करण्याची पद्धत बदलण्यापूर्वीचा, तो शेवटचा ब्लॉक आहे. साखळी दर काही सेकंदांनी वाढत असल्याने नुसती तारीख पुरत नाही, शेवटचा ब्लॉक सांगितला तरच दुसऱ्याला तीच बेरीज पुन्हा करून पाहता येते. रकमांच्या बाबतीत टोकनची दशांश स्थळेही नोंदवावीत: इथेरियमचे चलन असलेल्या इथरला १८, डॉलरशी बांधलेल्या यूएसडीसी टोकनला ६. सगळ्यांना १८ धरले की यूएसडीसीची रक्कम एक लाख कोटी पटींनी लहान दिसते.

पत्त्यामागचा माणूस

ऐरोलीत झालेल्या एका कार्यशाळेत सहभागींना हजेरीचे प्रमाणपत्र टोकनच्या रूपात वॉलेटवर दिले गेले. आयोजकांनी नंतर उत्साहाने तक्ता प्रसिद्ध केला: पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे, आणि टोकन घेतल्याची वेळ. नावे नव्हती. पण दुपारच्या चहाआधी शेवटचे टोकन कोणी घेतले हे शेजारी बसलेल्याला आठवत होते. त्याने एक्सप्लोररवर त्या वेळेचा व्यवहार शोधला आणि दहा मिनिटांत आपल्या सहकाऱ्याची सगळी शिल्लक, आणि मागच्या वर्षी त्याने कुठे नुकसान सोसले तेही, पाहिले. तो सहकारी माझा मित्र आहे. तक्ता उतरवला गेला, पण ऑफिसात व्हायची ती चर्चा होऊन गेली होती.

हिशेब केला तर यात नवल नाही. पत्ते ज्या सोळा चिन्हांत लिहितात त्यांतली आठ अक्षरे म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. सोबत वेळ दिली की पत्ता एकच उरतो. पत्ता किंवा क्रमांक हॅश केल्याने, म्हणजे सूत्राने सांकेतिक रूपात बदलल्याने, सुटका होते असेही नाही. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी क्रमांक. त्या सगळ्यांचे हॅश साध्या लॅपटॉपवर एका रात्रीत काढून जुळवता येतात. त्यामुळे व्यक्तींशी जोडलेला डेटा प्रसिद्ध करायचा असेल तर पत्ते काढून टाकून यादृच्छिक क्रमांक द्यावेत, वेळ आठवड्यापर्यंत मोघम करावी आणि रकमा टप्प्यांत मांडाव्यात.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या डेटाला लागू होत नाही. येथे ‘स्वतः’ हा शब्द वजनदार आहे. एखाद्याने आपल्या प्रोफाइलवर आपला पत्ता लिहिला तर ती गोष्ट वेगळी. तुम्ही किंवा तिसऱ्या कोणी तो पत्ता त्याच्या नावाशी जोडला तर ही सवलत मिळत नाही. संशोधन आणि सांख्यिकीसाठी वेगळी सूट आहे, पण त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जात असतील तरच. लेबलांच्या बाबतीत म्हणून दुप्पट सावध असावे. वर सांगितलेल्या एलिप्टिक संचात सुमारे २ टक्के व्यवहार अवैध आणि २१ टक्के वैध म्हणून नोंदलेले आहेत. उरलेल्यांना लेबलच नाही. लेबल नसणे म्हणजे संशयित असणे नव्हे, आणि लेबल हाही कोणाचा तरी अंदाजच असतो. तो कोणाचा व कधीचा हे न लिहिता पुढे देऊ नये.

डेव्हलपरांच्या रकान्यातही माणसे असतात, याचा विसर पडतो. गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये नाव आणि ईमेल असते. मोजणी करावी, संख्या ठेवावी आणि ईमेलची यादी पुसून टाकावी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या भरतीचे काम करणाऱ्या मंडळींकडून ‘यादी आहेच तुमच्याकडे, तर द्या की’ अशी विचारणा हमखास होते. गिटहबच्या अटींनुसार अशी वैयक्तिक माहिती भरतीवाल्यांना विकता येत नाही, आणि सार्वजनिक माहितीवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध करताना ते सर्वांना मोफत वाचता यावे अशीही त्यांची अट आहे.

स्वतःचा संच देताना

कोडला एमआयटी हा मोकळा परवाना आणि डेटाला सीसी बाय ४.० द्यावा, अशी माझी सर्वसाधारण शिफारस असते. पण दुसऱ्याचे रकाने या परवान्यातून स्पष्टपणे वगळलेले असावेत. सोबत संपर्काचा ईमेल द्यावा, आणि कोणी नोंद काढायला सांगितली तर ती काढावी. साखळीवरचे पुसता येत नाही, आपल्या तक्त्यातले पुसता येते. म्हणूनच असा तक्ता पुसता न येणाऱ्या साठवणीत टाकू नये. परवाना सापडला नाही तर मालकाला लिहावे, महिनाभर वाट पाहावी, आणि उत्तर आले नाही तर तो रकाना रिकामा ठेवून तो का रिकामा आहे ते खाली नोंदवावे. आमच्या नौपाड्याच्या तक्त्यात लोगोचा रकाना दोन वर्षे तसाच रिकामा आहे.