तीस हजारांचे तेवीस हजार

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एकतीस वर्षं मी पगाराचं टेबल सांभाळलं. दर वर्षी नवी पोरं पहिली स्लिप घेऊन यायची, "मॅडम, लेटरमध्ये तर तीस हजार होते!" त्यामुळे यंदा भाच्याला ऑफर आली तेव्हा बाइकच्या हप्त्याचं पत्रक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, आधी बस इथे.

सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षभरात त्याच्यावर करणार तो एकूण खर्च, 3,60,000, म्हणजे महिना 30,000. त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, 15,000. बेसिकवर 12 टक्के कंपनीच्या वाट्याचा पीएफ, 1,800, तो या तीस हजारांतच धरलेला. बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) 722, तेही त्यातच. कामगिरीवर मिळणारे वर्षाचे 24,000 म्हणजे महिन्याचे 2,000. ते बँकेत पडतील तेव्हा मोजायचे. उरले 25,478. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि गुजरातचा व्यवसाय कर 200 गेला, की हातात 23,478. तुमच्या पत्रातले आकडे वेगळे असतील, पण वजाबाकी याच क्रमाने करा. एखाद्या रकमेचा अर्थ लागला नाही तर सही करण्याआधी एचआरला विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

ही रक्कम रास्त आहे का, हे कसं कळणार? नोकरीच्या साइटवरचे आकडे बहुतेक सीटीसीचे असतात, शिवाय बडोदा आणि पुणे एकाच सरासरीत. लग्नात ऐकलेला पगार तर धरूच नये! भाच्याला मी कलाभवनातून (बडोद्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेल्या चार मुलांना फोन करायला लावलं. "पगार किती?" असं विचारलं की लोक फुगवून सांगतात. विचारायचं असं: बँकेत किती जमा होतात, ओव्हरटाइम धरून की सोडून, कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, आणि पहिल्या वर्षानंतर किती वाढले? चौघांपैकी एक कॉन्ट्रॅक्टवर निघाला, त्याचा आकडा बाजूला ठेवला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग बजेट. घरी आईच्या हातात 6,000. दांडिया बाजार ते मकरपुरा रोजची ये-जा, पेट्रोलला हजार. जेवण घरचं, म्हणून हे दोन आकडे चटकन झाले. पोरं फसतात ती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात. त्याला जानेवारीपासून महिने लिहायला लावले: उत्तरायणाचे पतंग-मांजा नि गच्चीवरचा उंधियो, गणपतीची वर्गणी, नवरात्रीचे पास आणि गरब्याचा अंगरखा, केडियू (नऊही रात्री खेळणारा मुलगा आहे हा), दिवाळी, स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग, दोन जोडी बूट. बेरीज आली 21,600. भागिले बारा, 1,800. ते पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात जायला हवेत, महिनाअखेरपर्यंत ते टिकत नाहीत. तेवढीच रक्कम बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटला, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. बाइकचा हप्ता 5,500 होता. जुनी स्कूटर चालतेय, असं तो स्वतःच म्हणाला.

आणखी एक गोष्ट, पगाराच्या टेबलाबाहेर फारशी कुणाला माहीत नसलेली. हजेरी बंद करायची तारीख विचारून घ्या. आमच्याकडे 25 होती. 26 ला रुजू झालेल्याचे पैसे थेट पुढच्या महिन्याच्या पगारात. भाच्याने फोन केला तर तिकडे 20 निघाली, आणि त्याला रुजू व्हायचंय 22 ला. म्हणजे पहिले पाच आठवडे पेट्रोल माझ्याकडून, उसने. वहीत लिहून ठेवलेत.