पोलिसी मारहाणीवर वस्तीसाठी पुस्तिका काढण्यापूर्वी

पुस्तिकेसोबत वस्तीत सत्रही घेतले जाते. त्याच्या सभागृह, चटया, चहा आणि माइक यांच्यासाठी यादीची गरज नसते. यादी हवी ती एकदा छापून वाटल्यावर परत घेता येत नाहीत अशा गोष्टींसाठी, आणि त्यांत सर्वांत आधी पाहायची ती ओळख. मार खाल्लेल्या माणसाचे नाव बदलले म्हणजे तो ओळखू येणार नाही, असे समजू नये. आमच्या मागच्या पुस्तिकेत नाव बदललेलेच होते. परंतु ‘नळाजवळचे घर, वडिलांची इस्त्रीची गाडी, डावा हात प्लास्टरमध्ये’ हे तपशील तसेच राहिले, आणि प्रती वाटून संपण्याआधीच बीटवरचा हवालदार गाडीपाशी येऊन ‘तुमच्या मुलाचे छापून आले म्हणे’ एवढेच बोलून गेला. धमकी म्हणावी असे त्यात काही नव्हते, तरी इस्त्रीची गाडी त्यानंतर बरेच दिवस लागली नाही. म्हणून गल्ली, धंदा, जखम, तारीख आणि गुन्ह्याचा क्रमांक यांपैकी कोणतेही दोन तपशील एका पानावर येऊ देऊ नयेत. संमती दोनदा घ्यावी, एकदा हकिकत ऐकण्यापूर्वी आणि पुन्हा मसुदा वाचून दाखवल्यावर. ती घरच्यांचीही घ्यावी, कारण वस्तीत राहायचे त्यांना असते.

कायद्याचा भाग लिहिताना जुन्या पत्रकांवरून उतरवून घेण्याचा मोह टाळावा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे अटकेऐवजी पोलिसांसमोर हजर राहण्याची, पूर्वीच्या कलम ४१-अ ची नोटीस आता कलम ३५(३) खाली येते. मात्र वस्तीला कलमांपेक्षा कृती कळली पाहिजे: अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, नातेवाइकाला कळवावे लागते, आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी लागते, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घालून दिले आहे. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्याचा नियम सर्वांना पाठ असतो, पण त्यातून प्रवासाचा वेळ वगळतात हे कोणी लिहीत नाही, आणि मग ठाण्याच्या दारात चुकीच्या मुद्द्यावर वाद घातला जातो. साक्षीदार म्हणून स्त्रीला, १५ वर्षांखालील मुलाला किंवा ६० वर्षांवरील पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही. चौकशी घरीच व्हावी लागते.

खरा जोर पहिल्या रिमांडवर, म्हणजे अटकेनंतर कोठडीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा उभे करतात त्या वेळेवर द्यावा. किल्ला कोर्ट असो वा कुर्ला, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ हा प्रश्न घाईत विचारला जातो, शेजारी घेऊन आलेला शिपाई उभा असतो, आणि मुलगा मान हलवून ‘नाही’ म्हणतो. पुढे ते ‘नाही’ कागदावर राहते. या एका क्षणाची तालीम सत्रात उभे राहून करून घ्यावी. व्याख्यानाने ते साधत नाही. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण मागण्याचा अर्ज लगेच द्यावा आणि मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे, हेही तिथेच सांगावे. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा १५१०० हा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा. धक्काबुक्की करा असे सुचवणारा एक शब्दही नको. नेमप्लेटवरचे नाव, गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवणे अधिक उपयोगी पडते.

प्रतिकाराचा इतिहास मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगराशिवाय लिहिता येत नाही. ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव पोलिसांच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० माणसे गेली, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. त्यानंतर उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्याला जामीन दिला, हेही सांगावे, नाहीतर वाचणाऱ्याला लढा तिथे संपला असे वाटेल. मृतांची नावे जाहीर आहेत म्हणून त्यांच्या नातवंडांचे पत्ते आणि छायाचित्रे जाहीर होत नाहीत. पुन्हा तेच: ओळख.

मुखपृष्ठावर जखमेचे छायाचित्र हवे असा आग्रह कोणीतरी धरतोच. धरू द्यावा, छापू नये. चेहरा पुसला तरी गोंदण, भिंतीचा रंग आणि विजेच्या मीटरचा क्रमांक राहतो. ध्वनिफितीत आवाज राहतो. मोबाइलवरून पाठवलेल्या फाइलमध्ये लिहिणाऱ्याचे नाव राहते. छपाईआधी मसुदा त्याच वस्तीतल्या पण पुस्तिकेच्या कामात नसलेल्या एखाद्या बाईला वाचून दाखवावा, आणि तिने ‘अगं, हा तर अमक्याचा मुलगा’ म्हटले की ते पान काढावे. चर्चा नको.

बाकीचे थोडक्यात. मसुदा रोज फौजदारी कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावा. हिंदी आणि उर्दू प्रती वेगळ्या काढाव्यात, अक्षर मोठे ठेवावे, प्रती थोड्याच छापाव्यात. ‘कायदा अमुक तारखेपर्यंतचा’ असे मुखपृष्ठावर लिहावे आणि जुन्या प्रती परत गोळा करण्याचे काम एका माणसाच्या नावाने लावून द्यावे.