एल्फिन्स्टन कुठले? ब्रिटिश आडनावाचं मूळ आणि ढालचिन्ह कसं शोधावं

मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचं प्रभादेवी असं नामांतर २०१८ सालचं, तरी गाडीत अजून कुणीतरी ‘एल्फिस्टन आलं का?’ विचारतंच. मग हेच आडनाव घेऊन शोध कसा घ्यायचा ते पाहू.

आधी माणूस पक्का करा. मुंबईला एल्फिन्स्टन गव्हर्नर दोन लाभले. माउंटस्टुअर्ट हे १८१९ ते १८२७ या काळातले, कॉलेजला नाव त्यांचं. स्टेशन आणि आजचं हॉर्निमन सर्कल यांची जुनी नावं मात्र १८५३ ते १८६० मधल्या लॉर्ड जॉन यांच्यावरून पडलेली. नात्याने हे चुलते-पुतणे. इथे गल्लत झाली की पुढचा सगळा शोध भलत्याच फांदीवर चढतो.

मग आडनाव फोडा. ब्रिटिश आडनावं बहुतेक बापाच्या नावावरून, धंद्यावरून, अंगगुणावरून किंवा गावावरून पडली. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, स्मिथ म्हणजे लोहार. एल्फिन्स्टन हे आपल्या चिपळूणकरांसारखं, गावावरून आलेलं. गाव स्कॉटलंडमध्ये एडिनबराच्या पूर्वेला, ईस्ट लोथियनमधल्या ट्रॅनेंटजवळ. जुन्या कागदांत नावाआधी ‘डी’ दिसला तर तो आपला ‘कर’ समजा. पण नकाशावर एकच एल्फिन्स्टन बघून थांबू नका. घराण्याने फॉलकर्कजवळच्या जमिनीवरही आपल्याच नावाचा मनोरा बांधला. गावाने माणसाला नाव दिलं, पुढे माणसाने जागेला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५५ पासून, इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ पासून. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. हिंदुस्थानात नोकरी केलेल्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात सापडतात. स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हांनी शोधा.

आता ढालचिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेलं वंशपरंपरेचं चिन्ह. इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलोय: ‘तुमच्या आडनावाचं चिन्ह’ म्हणून विकत घेतलेली एक पाटी माझ्या कपाटात पडून आहे. आडनावाला चिन्ह नसतं, ते माणसाला मिळतं आणि वारसाने पुढे जातं. इंग्लंडमध्ये ते १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स पाहतं, स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन नावाचा अधिकारी. लायनची अधिकृत नोंदवही १६७२ च्या कायद्याने सुरू झाली. तिथे मूळ चिन्ह घराण्याच्या प्रमुखाचं. धाकट्या मुलांनी त्यात काही फरक करून वेगळी नोंद करायची. दुसऱ्याचं चिन्ह वापरणं तिथे आजही गुन्हा आहे. म्हणून पाटीवरचं चित्र पाहू नका, नोंदवहीतलं वर्णन मिळवा.

वर्णनाची भाषा जुन्या फ्रेंच वळणाची. एल्फिन्स्टन घराण्याचं साधारण असं: ‘आर्जंट, अ शेव्हरॉन सेबल बिट्वीन थ्री बोअर्स हेड्स इरेज्ड ग्यूल्स’. वाचायचं सुरुवातीपासून, कारण पहिला शब्द नेहमी ढालीच्या पार्श्वभूमीचा. आर्जंट म्हणजे चांदी. कागदावर पांढरा चालतो. शेव्हरॉन म्हणजे कौलारू छपरासारखा पट्टा, टोक वर. सेबल काळा, ग्यूल्स लाल. रंगाचा शब्द वस्तूच्या मागून येतो, त्यामुळे पट्टा काळा आणि रानडुकरांची मुंडकी लाल.

पेन्सिल घेऊन काढून बघाच. दोन मुंडकी छपराच्या वर, एक खाली. तोंडं बघणाऱ्याच्या डावीकडे. डावीकडे, कारण ढालीची उजवी बाजू ती धरणाऱ्याची मोजतात. राहिला ‘इरेज्ड’, म्हणजे मान हिसडून तोडलेली: खालची कड दातेरी, लोंबत्या तीन टोकांची. कड सरळ सुरीने कापल्यासारखी काढलीत तर ते ‘कूप्ड’ झालं, आणि नोंदवहीच्या हिशेबात ती ढाल एल्फिन्स्टनांची राहिली नाही.